आश्रित अनुपस्थित

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता वहिनींच्या संगणकाने जाहीर केलं की आश्रित अनुपस्थित आहे. आश्रित त्या वेळी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून दुसरा चहा पीत होते.

वहिनींनी ती ओळ मोठ्याने वाचली. भाऊजींनी कपातून मान वर काढली नाही.

"पूर्ण वाचा," ते म्हणाले. "अर्धवट वाचून काही कळत नसतं."

पूर्ण ओळ अशी होती : 'आश्रित अनुपस्थित – अक्षरपेटी. हवी आवृत्ती 12. सापडलेली आवृत्ती ०. प्रतिष्ठापना स्थगित.' पूर्ण वाचूनही काही कळलं नाही. पण भाऊजींनी निदान कप खाली ठेवला.

त्या घरात माणसं तीन. वहिनी, त्यांचे यजमान म्हणजे दादा, आणि दादांचे धाकटे भाऊ म्हणजे भाऊजी. दादा एका चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासत. दिवसभर भिंगं बदलून 'हे बरं दिसतं की हे?' असं विचारण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि घरी कुणी त्यांना तसला प्रश्न विचारला तर ते 'दोन्ही सारखंच दिसतंय' असं सांगून वर्तमानपत्र उघडत. भाऊजी एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं दुरुस्त करत. कारखाना बंद पडल्यावर ते पंधरा दिवसांसाठी म्हणून आले, त्याला आता सहा वर्षं झाली होती.

वहिनी पुस्तकांच्या सूची करत. पुस्तक संपल्यावर मागे बारीक अक्षरांत पानंच्या पानं असतात, कोणता विषय कुठल्या पानावर आहे ते सांगणारी, ती सूची. ती आपोआप उगवते असा बहुतेकांचा समज असतो. लेखक ती फक्त स्वतःच्या मित्रांची नावं शोधायला उघडतात. वहिनींनी बावीस वर्षं हे काम केलं होतं, आणि त्यामुळे त्यांच्या डोक्याला एक खोड लागली होती. समोर काहीही आलं की त्या मनातल्या मनात त्याची नोंद करत. 'भाऊजी : –चा चहा, –चे पंधरा दिवस, –ची मतं, पाहा पुढील सर्व पाने.'

गेल्या आठवड्यात प्रकाशकांचं पत्र आलं होतं. आता टाइप केलेल्या याद्या स्वीकारल्या जाणार नाहीत. यापुढे 'सूचिका' नावाच्या सॉफ्टवेअरमध्येच काम करायचं. मंडळावरच्या प्रत्येक सूचिकाराने ते आपल्या संगणकावर बसवून सोबतच्या चाळीस पानांची नमुना सूची शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत पाठवावी. जे पाठवणार नाहीत त्यांची नावं मंडळावरून कमी होतील, आणि त्यांचं काम एका कंपनीकडे जाईल. ती कंपनी चार मिनिटांत सूची करून देते. तिने केलेली एक सूची वहिनींनी पाहिली होती. मूत्रपिंडाच्या विकारांवरचं पुस्तक होतं, आणि 'मूत्रपिंड' या शब्दापुढे पुस्तकातली सगळी पानं ओळीने दिली होती.

दुसरा संगणक घ्यावा, तर तेही शक्य नव्हतं. सूचिकेची किल्ली एका सूचिकाराला एकच मिळणार होती, आणि ती ज्या यंत्रावर पहिल्यांदा टाकाल त्याच यंत्राची होणार होती. बदलून हवी असेल तर अर्ज करायचा, कामकाजाचे दहा दिवस थांबायचं. वहिनींनी ती सोमवारीच टाकली होती. पत्रात लिहिलं होतं की सूचिका सर्व प्रणालींवर चालते. 'सर्व'वर एक फुली होती आणि पानाच्या तळाशी त्या फुलीचं स्पष्टीकरण होतं. त्यात नऊ नावं होती, नववं टिटवीचं. वहिनींना हायसं वाटलं होतं.

टिटवी ही भाऊजींची देणगी. वहिनींचा संगणक चार वर्षांपूर्वी रेंगाळायला लागला, तेव्हा भाऊजींनी तो स्वतःच्या खोलीत नेला आणि दोन दिवसांनी बाहेर आणला तो टिटवी होऊन. जगात विंडोज वापरणारी माणसं आहेत, मॅक वापरणारी आहेत, ही दोन्ही न वापरल्याबद्दल अभिमान बाळगणारी लिनक्सवाली आहेत. आणि या सगळ्यांना ज्यांनी मवाळ ठरवलंय अशी थोडी टिटवीवाली आहेत. भाऊजींनी टिटवी आठ वर्षं खपून मराठीत आणली होती. तिच्यातला प्रत्येक शब्द त्यांचा. कुठलंही सॉफ्टवेअर बसवायचं म्हणजे 'प्रतिष्ठापना'. यंत्रावर सगळे अधिकार ज्याला असतात, ज्याला इतर लोक ॲडमिन म्हणतात, तो 'मालक'. आणि एखाद्या सॉफ्टवेअरला चालण्यासाठी आधी जी दुसरी सॉफ्टवेअरं यंत्रावर असावी लागतात, ती 'आश्रित'.

यावर वहिनींनी तेव्हाच हरकत घेतली होती. जो दुसऱ्याच्या आधाराने राहतो तो आश्रित. ज्याच्यावाचून दुसऱ्याचं चालत नाही तो नव्हे. शब्द बरोबर उलटा लागलाय, असं त्यांनी पुराव्यानिशी दाखवून दिलं होतं. भाऊजी म्हणाले होते की शब्द वापरून रूढ होतो. हा फरक त्यांना घरातही कधी फारसा जाणवला नव्हता.

तर मंगळवारी भाऊजी कप ठेवून उठले. वहिनींनी त्याआधी स्वतःच खटपट करून पाहिली होती, तेव्हा यंत्राने 'ही कृती करण्यास तुम्ही मालक नाहीत' असं सांगून त्यांना बाहेर ठेवलं होतं. यंत्र त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं होतं. भाऊजींनी डाव्या हाताचा आडोसा करून परवलीचा शब्द टाइप केला, जसा माणूस वारा असताना काडी पेटवतो, आणि अक्षरपेटी, म्हणजे इतर सॉफ्टवेअरांना अक्षरं पुरवणारं ते आश्रित, नव्याने बसवली. यादीत स्वच्छ दिसत होतं : 'अक्षरपेटी, आवृत्ती १४'. सूचिकेला हवी होती बारावी. म्हणजे हवी त्याहून दोन पायऱ्या वरचीच होती. पुन्हा सूचिका बसवायला घेतली. आश्रित अनुपस्थित.

दुपारपर्यंत भाऊजींनी अक्षरपेटी सात वेळा काढून सात वेळा बसवली. वहिनी मागे उभ्या राहून बघत होत्या. शेवटी भाऊजींनी खुर्ची मागे ढकलली आणि निकाल दिला की दोष सूचिका लिहिणाऱ्यांचा आहे. त्यांना टिटवी कळतच नाही. वहिनींनी विचारलं, मग त्यांनी नाव कशाला छापलं? भाऊजी म्हणाले, छापायला काय जातंय.

बुधवारी वहिनींनी प्रकाशकांच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी अत्यंत गोड आवाजात विचारलं की तुमचा संगणक कोणता. वहिनी म्हणाल्या, टिटवी. बाई म्हणाल्या, मॅडम, कंपनी नाही विचारली, संगणक विचारला. मग संगणक बंद करून चालू करायला सांगितला. वहिनींनी केला. मग सूचिका काढून परत बसवायला सांगितली. वहिनी म्हणाल्या, ती बसतच नाही म्हणून तर फोन केलाय. बाई म्हणाल्या, बसत नसेल तर आधी काढून बघा. हा मुद्दा तीनदा झाल्यावर बाईंनी प्रेमळ सल्ला दिला की तुम्ही एखाद्या नॉर्मल संगणकावर का नाही करत.

'नॉर्मल' हा शब्द भाऊजींना दोन खोल्या ओलांडून ऐकू आला. ते आले, त्यांनी वहिनींच्या हातातून फोन घेतला आणि पुढची चाळीस मिनिटं त्या बाईंना स्वातंत्र्य, मक्तेदारी आणि समाजाची बौद्धिक गुलामगिरी यांवर सुनावलं. बाई मध्येमध्ये 'बरोबर आहे सर' म्हणत होत्या. फोन ठेवल्यावर दहा मिनिटांनी वहिनींना संदेश आला : 'आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे. आमच्या प्रतिनिधीला पाचपैकी किती गुण द्याल?'

"गुण देऊ नका," भाऊजी म्हणाले. वहिनींनी पाच दिले. ज्या बाईंनी चाळीस मिनिटं भाऊजींना ऐकलं, त्यांच्याबद्दल त्यांच्या मनात बहीणभाव उत्पन्न झाला होता.

उरला टिटवीकरांचा चौक. चौक म्हणजे इंटरनेटवरची त्यांची एकमेकांना मदत करण्याची जागा. नोंदलेले सदस्य चारशे बारा, बोलणारे नऊ, त्यातले सहा एकमेकांशी न बोलणारे. वहिनींनी नाव नोंदवलं, आपली अडचण व्यवस्थित लिहिली, ती ओळ जशीच्या तशी उतरवली, आणि खाली शुक्रवारी पाचची मुदत सांगून कृपया मार्ग सुचवावा अशी विनंती केली.

पहिलं उत्तर तीन मिनिटांत आलं : 'आधी नियम वाचा.' दुसरं : 'कृपया हा शब्द येथे वापरत नाहीत, वेळ जातो.' तिसऱ्याने विचारलं की सूचिकेसारखं बंदिस्त सॉफ्टवेअर मुळात वापरायचंच कशाला, सूची वहीत करता येते. चौथ्याने तिसऱ्याची अक्कल काढली, पण ती वेगळ्या, जुन्या कारणावरून. मग ते दोघं आणि आणखी एकजण मिळून दुपारभर भांडले, आणि वहिनींचा प्रश्न त्यांच्या पायाखाली कुठेतरी दिसेनासा झाला.

साडेचार वाजता तो प्रश्न बंद करण्यात आला. खाली शेरा होता : 'अपुरी माहिती. – चौकपाल.' चौकपाल म्हणजे चौकात कुणी बोलावं आणि कुणी गप्प बसावं हे ठरवणारा अधिकारी. तो अधिकारी त्या वेळी बाजूच्या खोलीत पलंगावर पाय पसरून बसला होता. भिंतीपलीकडून त्याच्या कळफलकाचा आवाज वहिनींना ऐकू येत होता.

वहिनी दारात जाऊन उभ्या राहिल्या. माझा प्रश्न तुम्ही बंद केलात का, असं त्यांनी विचारलं. भाऊजी शांतपणे म्हणाले की यंत्राचा तपशील दिलेला नव्हता. वहिनी म्हणाल्या, यंत्र तुम्ही स्वतः तयार केलंय. भाऊजी म्हणाले, ते मला माहीत आहे, चौकाला नाही.

"नियम सगळ्यांना सारखे असतात, वहिनी. उद्या म्हणतील, चौकपालाने घरच्यांना झुकतं माप दिलं."

"कोण म्हणेल?"

"लोक."

"नऊजण," वहिनी म्हणाल्या, आणि परत आल्या.

त्या रात्री दादांना सगळं सांगण्यात आलं, दोन्ही बाजूंनी, वेगवेगळं. दादा म्हणाले की दोन्ही सारखंच दिसतंय.

गुरुवारी सकाळी वहिनी ती ओळ नुसती बघत बसल्या. त्यांना यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण छापील ओळ कळत होती. 'हवी आवृत्ती 12. सापडलेली आवृत्ती ०.' एकाच ओळीत बारा इंग्रजी आकड्यांत आणि शून्य मराठी आकड्यात. हे मुद्रित त्यांच्याकडे तपासायला आलं असतं तर त्यांनी लाल पेन्सिलीने गोल करून परत पाठवलं असतं. दोन दिवस ही ओळ त्यांच्या डोळ्यांत खुपत होती. पण घरात सतत काहीतरी खुपत असल्यामुळे हे वेगळं ओळखू आलं नव्हतं.

आता चौकात 'आकडे' असं शोधायला हवं होतं. पण चौकाची शोधपेटीही भाऊजींनी केलेली होती. तिच्यात काहीही लिहिलं की ती म्हणायची, 'शोध निष्फळ. अधिक नेमके व्हा.' तेव्हा वहिनींनी त्यांना जे येत होतं ते केलं. चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, पेन्सिलीला टोक केलं, आणि चौकाच्या पहिल्या दिवसापासून वाचायला बसल्या. आठ वर्षांची भांडणं. एका सूचिकाराला दिवसाला दोनशे पानं वाचण्याची सवय असते; चौक तर एका मध्यम आकाराच्या, वाईट संपादन केलेल्या कादंबरीएवढा होता. दुपारी तीनपर्यंत टेबलावर अकारविल्हे रांग लागली. 'अक्कल : –काढणे.' 'उत्तरे : –न देणे, –उशिरा देणे, –उर्मट.' 'चौकपाल : –ची निवड (बिनविरोध), –चा राजीनामा (मागे घेतला), सहा वेळा.' आणि 'अक्कल' नि 'उत्तरे' यांच्या मध्ये, बोटभर जाडीचा एक गठ्ठा : 'आकडे : –मराठी करण्याचा प्रस्ताव, –वरून वाद, –बद्दल प्रश्न (बंद), –बद्दल प्रश्न (बंद), –बद्दल प्रश्न (बंद), –, पाहा हकालपट्टी.'

हकालपट्टी 'खवट' नावाच्या एका सदस्याची होती. खवट या कुणी सेवानिवृत्त बाई असाव्यात, पाटबंधाऱ्यांच्या मोजणी खात्यातल्या. तीन वर्षांपूर्वी चौकपालांनी अभिमानाने घोषणा केली होती की यापुढे टिटवी केवळ माणसांशीच नव्हे, स्वतःशीसुद्धा मराठीत मोजेल. प्रत्येक आकडा, वरचा, आतला, माणसाला न दिसणारासुद्धा, मराठी असेल. खवट बाईंनी तिथल्या तिथे लिहिलं होतं की पडद्यावर हवे तेवढे मराठी आकडे दाखवा, पण आतले सोडा. बाहेरून आलेलं सॉफ्टवेअर यंत्राला विचारेल, अक्षरपेटी कितवी आहे? यंत्र म्हणेल, १४. बाहेरच्याला ही दोन चित्रं वाटतील. आकडा सापडला नाही म्हणून तो शून्य धरेल. पुढे त्यांनी कुठली ओळ कुठे बदलायची हेही क्रमवार दिलं होतं. आणि शेवटी विचारलं होतं की चौकपालांना आकडे मोजायला हवे आहेत की मिरवायला.

त्याखाली चौकपालांचं सात पानी उत्तर होतं, त्याखाली हकालपट्टी, आणि त्याखाली चौकाचा नवा नियम क्रमांक सात : 'आकड्यांविषयी प्रश्न विचारू नयेत.'

वहिनींनी ती क्रमवार माहिती चिठ्ठीवर उतरवून घेतली. ती ओळ बदलायला मालक लागणार होता.

गुरुवारी संध्याकाळी भाऊजी बाहेर गेले ते जेवूनच आले आणि सरळ झोपले. शुक्रवारी सकाळी ते पुन्हा बाहेर पडले. ज्या माणसाने सहा वर्षांत दूध आणायला घर सोडलं नव्हतं, त्याला दोन दिवसांत एवढी कामं निघाली. वहिनींनी नमुन्याच्या चाळीस पानांच्या चिठ्ठ्या लावून ठेवल्या, एकशे शहाऐंशी नोंदी, फक्त सूचिकेत भरायच्या बाकी. भाऊजी दुपारी साडेतीनला आले, बूट काढले, आणि टेबलावर पसरलेली चौकाची सूची त्यांना दिसली. त्यांनी उभ्याउभ्या ती वाचली. 'राजीनामा (मागे घेतला)'पाशी थोडे थांबले.

"चार वेळा," ते म्हणाले.

"सहा. तारखा दिल्यात शेजारी. बसा."

भाऊजी बसले.

"सूचिकेला मराठी आकडे वाचता येत नाहीत," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"माहीत असणं वेगळं आणि मान्य असणं वेगळं, वहिनी."

"कधीपासून?"

"मंगळवारी. अकराच्या सुमारास."

"मग सात वेळा ती अक्षरपेटी बसवलीत ती?"

"खरी चारदा. पुढच्या तीन वेळा तुम्ही बघत होतात म्हणून."

वहिनींनी घड्याळ पाहिलं. चार वाजायला वीस मिनिटं होती. त्यांनी चिठ्ठी पुढे सरकवली आणि ही एक ओळ बदलायची आहे असं सांगितलं. भाऊजींनी चिठ्ठीवरचं अक्षर न वाचताच ओळखलं की मजकूर कुणाचा आहे. ते म्हणाले की तुमच्यासाठी ती एक ओळ आहे, माझी त्यात आठ वर्षं आहेत.

"माझी बावीस आहेत."

"सूचिकावाल्यांनी त्यांचं सॉफ्टवेअर सुधारावं. दर वेळी आपणच का वाकायचं?"

"तुम्ही वाकू नका. परवलीचा शब्द द्या. मी वाकते."

भाऊजी म्हणाले की प्रश्न एका यंत्राचा नाही, तत्त्वाचा आहे. उद्या ती बाई म्हणेल, मी सांगत होते. वहिनींनी विचारलं, कोणती बाई? ती चौकात नाही, तुम्हीच हाकललीत. भाऊजी म्हणाले, तिला कळेल, असल्या लोकांना कळतं. पाच वाजल्यावर ते स्वतः प्रकाशकांना सविस्तर निषेधपत्र लिहिणार होते. मुद्दे काढून झाले होते, अकरा. वहिनींच्या लक्षात आलं की आपली हार या माणसाला नुसती चालणार नव्हती, ती हवी होती. निषेधपत्राला उदाहरण लागतं.

त्यांनी दादांना फोन केला. दुकानात गिऱ्हाईक होतं. दादा म्हणाले की तुम्ही दोघं समजूतदार आहात, बघा आपसांत.

"बघते," वहिनी म्हणाल्या. "पाच वाजता माझं नाव कमी होतंय. सोमवारपासून मी दिवसभर मोकळी. मग घरातल्या माणसांकडे बघायला मला पुष्कळ वेळ मिळेल. दोघांकडेही."

पलीकडे दादांनी गिऱ्हाइकाला एक डोळा झाकून थांबायला सांगितलं. मग दादा म्हणाले, त्याला दे.

भाऊजींनी फोन घेतला. इकडच्या बाजूचं एवढंच ऐकू आलं : "नाही दादा... हो... पण तत्त्व म्हणून... हो, पंधरा दिवस म्हणालो होतो... हो. माझ्या लक्षात आहे." त्यांनी फोन ठेवला नाही, टेबलावर उपडा घातला. मग उठून यंत्राकडे निघाले, हाताचा आडोसा आधीच तयार.

"टाइप नका करू," वहिनी म्हणाल्या. "लिहून द्या." आणि कोरी चिठ्ठी पुढे केली.

भाऊजींनी इतका वेळ लावून लिहिलं की जणू ते घराचं खरेदीखत होतं. चिठ्ठीवर शब्द होता 'स्वयंपूर्ण', पुढे मराठी एक. वहिनींनी तो वाचला. यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण चार वाजून आठ मिनिटं झाली होती.

त्यांनी मालक होऊन खवट बाईंनी सांगितलेली ओळ बदलली. यंत्र बंद करून चालू केलं. सूचिका पावणेदोन मिनिटांत बसली, आणि पहिल्याच पडद्यावर तिने अदबीने विचारलं की सूचीतील आकडे मराठीत छापायचे का? शेजारी एक रिकामा चौकोन होता. वहिनींनी त्यात बरोबरची खूण केली. मागे उभ्या असलेल्या भाऊजींनी ते पाहिलं.

"हेच मी आठ वर्षं सांगतोय," ते म्हणाले.

"बाजूला व्हा, उजेड अडतोय."

चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी सूची गेली. पोच आली. वहिनींनी पोच दोनदा वाचली, आकड्यांसकट, आणि मग कितीतरी वेळ हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

सोमवारी प्रकाशकांचं दोन ओळींचं पत्र आलं. नमुना स्वीकारला आहे. पुढील पुस्तक पाठवत आहोत, पाने ९१२, विषय यकृत. त्याच दिवशी चौकावर चौकपालांचा सातवा राजीनामा लागला. कारण दिलं होतं, 'कौटुंबिक दडपशाही'. नऊपैकी दोघांनी तो वाचला, आणि एकाने विचारलं की मग आता प्रश्न कुणी बंद करायचे.

भाऊजींनी वहिनींशी बोलणं सोडलं. जे सांगायचं ते दादांमार्फत, म्हणजे ते पोचायचंच नाही. पुढच्या रविवारी त्यांनी दादांना सांगितलं की कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्याकडे खोली आहे, तिथे आपल्याला काम करायला मोकळीक मिळेल. दादा म्हणाले, बघ बाबा. या 'बघ'मध्ये थांब आणि जा हे दोन्ही सारखंच दिसत होतं.

मंगळवारी सकाळी ते निघाले. एक बॅग, एक यंत्र, वायरींची एक पिशवी. वहिनी यकृताच्या सदतिसाव्या पानावर होत्या, टेबलभर चिठ्ठ्या. भाऊजी उंबऱ्यात घुटमळले. आठ दिवसांत पहिल्यांदा थेट बोलले.

"यंत्र अडलं तर फोन करा. टिटवी सगळ्यांना जमत नाही."

"जाताना दार ओढून घ्या, भाऊजी. वाऱ्याने चिठ्ठ्या उडतात."

दोन्ही हात भरलेले असल्यामुळे, किंवा तत्त्व म्हणून, त्यांनी ते ओढलं नाही. 'पित्त'पासून 'पोषण'पर्यंतच्या नोंदी खोलीभर झाल्या. वहिनी उठल्या, दार लावलं, कडी घातली, आणि गुडघ्यांवर बसून एकेक चिठ्ठी गोळा करायला लागल्या, अकारविल्हे.